मेणबत्ती विझते, पाणी चढतं, पण का?
ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. ‘ऑक्सिजन जळून संपतो, त्याची जागा पाणी घेतं’ हे सातवी-आठवीपासून ऐकलेलं स्पष्टीकरण फॉरवर्डमध्येही फिरतं. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणून ते पटतंही.

पण ऑक्सिजन पूर्ण संपायच्या आतच ज्योत विझते, शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. खरं काम उष्णतेचं. तापलेली हवा फुगते, थोडी काठाखालून निसटते (बुडबुडे दिसतात). ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

करून बघा, मोठ्यांच्या देखरेखीखाली. पाणी झपाट्याने चढतं ते ज्योत विझताना आणि विझल्यावर. मग त्याच ग्लासखाली तीन मेणबत्त्या लावा: ऑक्सिजन जास्त नाही, पाणी मात्र जास्त चढतं.