वे-ब्रिजचा वार्षिक देखभाल करार: दर कसा ठरतो, त्यात काय येतं

जिनिंग, डाळमिल आणि केळी व्यापाऱ्यांसाठी

वे-ब्रिज, म्हणजे गाडीसकट वजन करणारा काटा, साठ टनांचा की शंभर टनांचा, यावर आमचा दर ठरत नाही. लोडसेल (प्लॅटफॉर्मखालचे भार मोजणारे सेन्सर) किती, गाव किती लांब आणि वर्षाला फेऱ्या किती, यावर ठरतो. खर्चाचा मोठा भाग वाहतुकीचा आहे. 20 किलोची 50 प्रमाणित वजनं, म्हणजे एक टन, गाडीत घालून आणावी लागतात. दोन माणसं ती उचलून प्रत्येक लोडसेलच्या डोक्यावर ठेवतात आणि वाचन घेतात. एका कोपऱ्यावर 1,000 आणि दुसऱ्यावर 980 दिसलं, तर जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे सगळ्या लोडसेलच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या डबीत, जुळवणी करावी लागते.

सहा लोडसेलचा काटा, चार फेऱ्या: जळगाव, भुसावळ, धरणगाव, पाचोरा परिसरात 24,000 रुपये. 18 टक्के जीएसटी 4,320, एकूण 28,320. जीएसटी नोंदणी असेल तर नियमाप्रमाणे हा कर तुम्हाला वळता करून घेता येतो. शहादा, तळोदा, नंदुरबारकडे 30,000 अधिक जीएसटी, कारण एका फेरीत पूर्ण दिवस जातो. त्याच आवारात दुसरा काटा असेल तर त्याला 25 टक्के कमी. वजनं एकदाच आणायची असतात.

जिनिंगवाल्यांनी पूर्ण वर्षाचे पैसे भरू नयेत. त्यांच्यासाठी हंगामी करार आहे: 16,000 अधिक जीएसटी, तीन फेऱ्या. पहिली दसऱ्याआधी, आणि ती चुकवू नका. पावसाळ्यात काट्याखालच्या खड्ड्यात पाणी साचतं, जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते आणि रिकाम्या काट्यावरचे आकडे स्थिर राहत नाहीत. हे कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना कळलं, तर दिवसाची खरेदी थांबते.

दोन्ही करारांत अडचणीच्या वेळच्या दोन जादा फेऱ्या मोफत. तिसरीपासून 1,500 रुपये. लोडसेल, केबल, इंडिकेटरचं (आकडे दाखवणाऱ्या यंत्राचं) कार्ड करारात येत नाही. त्यांची किंमत आधी लेखी कळवू, होकार आल्यावरच बदलू. वीज पडून, उंदरांनी केबल कुरतडून किंवा वेल्डिंगमुळे झालेलं नुकसानही बाहेर. प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग करणं टाळा. अर्थिंगची पकड लांब लावली की करंट लोडसेलमधून जातो आणि तो जळतो.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन (सरकारी शिक्का व सील) दर 12 महिन्यांनी वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून करून घ्यावंच लागतं. त्याची तयारी आम्ही करून देतो. सरकारी फी वेगळी, पावतीप्रमाणे, त्यात आमचा एक रुपयाही नाही. दुरुस्तीत सील तोडावं लागलं तर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा मुद्रांकन लागतं.

दोन फेऱ्यांच्या मधे तुम्ही एवढं करा. रोज सकाळी प्लॅटफॉर्म आणि खड्ड्याची भिंत यांमधली फट साफ करा. तिथे सरकी, माती, खडे अडकले की वजनाचा काही भार भिंतीवर जातो आणि काटा कमी दाखवतो; नुकसान थेट शेतकऱ्याचं होतं. आठवड्यातून एकदा भरलेला ट्रॅक्टर पुढे, मधे आणि मागे उभा करून तिन्ही आकडे लिहून ठेवा. दोन विभागांपेक्षा जास्त फरक आला (विभाग म्हणजे काटा दाखवतो तो सर्वात लहान टप्पा; तो दहा किलोचा असेल तर 20 किलो) तर वजन थांबवा आणि आम्हाला कळवा.

दुकानातल्या टेबलकाट्यासाठी हा करार घेऊ नका. बिघडला की आणून द्या, तेच स्वस्त पडतं.

करार करताना शेवटचं मुद्रांकन प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक आणि इंडिकेटरचा अनुक्रमांक सोबत ठेवा. तिमाही भरायचं असेल तर 24,000 ऐवजी 6,500 चे चार हप्ते पडतील, अधिक जीएसटी.