ड्रोनच्या रिमोटसाठी रेडिओ मॉड्यूल घेताय? आधी ईटीए बघा

रिमोटच्या मागच्या खाचेत बसणारं रेडिओ मॉड्यूल सरकारच्या लेखी वायरलेस उपकरण आहे. ड्रोनचा नोंदणी क्रमांक (यूआयएन) विमान वाहतूक नियामक डीजीसीए देतं, मॉड्यूलची मान्यता (ईटीए) मात्र दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी. एक काढलं की दुसरं आपोआप झालं, असा समज कॉलेजच्या ड्रोन टीममध्ये हमखास असतो. तसं नाही.

बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, कोणता?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मॉड्यूल हातात घेतलंत की ते उलटं करून लेबल वाचा. ९१५ मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर परत ठेवा. अमेरिकेत हा बँड मोकळा आहे, आपल्याकडे त्याच्या आसपास मोबाइल कंपन्यांचं ९०० मेगाहर्ट्झचं नेटवर्क चालतं. ‘फर्मवेअर (मॉड्यूलमधलं सॉफ्टवेअर) बदला, झालं काम’ असं काउंटरवर सांगतील. एक्स्प्रेसएलआरएस या रिमोटच्या फर्मवेअरमध्ये भारतासाठी ८६६ चा पर्याय आहे हे खरं, पण अँटेना ९१५ चीच राहते आणि मान्यतेच्या कागदावरची फ्रिक्वेन्सी जुळत नाही ती नाहीच.

विनापरवाना चालणारे आणि आपल्या कामाचे बँड दोन. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, आणि २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ. दोन्हींचे नियम २००५ चे, पैकी पहिला पट्टा नंतर ८६८ पर्यंत वाढवला. २.४ ला ट्रान्समीटरची कमाल शक्ती १ वॅट आणि अँटेनासकट ४ वॅट. म्हणजे पूर्ण १ वॅटवर ६ डीबीआयपेक्षा जास्त गेनची (सिग्नल एका दिशेला जास्त एकवटणारी) अँटेना लावली की नियम मोडला. मुंबईत इमारतीगणिक वायफाय असतं म्हणून लोक २.४ ला घाबरतात. डोळ्यांसमोर उडवायचं असेल तर माझं मत तरीही २.४ च: १०० मिलिवॅट पुरतात, अँटेना लहान आणि माल सहज मिळतो.

ईटीए कोणी काढायचं?

ईटीए म्हणजे उपकरणाच्या मॉडेलला मिळणारी मान्यता. ती उत्पादकाने, आयातदाराने किंवा विक्रेत्याने काढायची. एका मॉड्यूलच्या गिऱ्हाइकाने त्यासाठी लॅब गाठण्यात अर्थ नाही. २०१९ पासून विनापरवाना बँडमधल्या उपकरणांसाठी सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेने हे काम होतं. पोर्टलवर नोंदणी करायची, मॉडेल, फ्रिक्वेन्सी आणि शक्ती भरायची, फी ऑनलाइन भरायची.

कागदपत्रांत जीव असतो तो मान्यताप्राप्त लॅबच्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) टेस्ट रिपोर्टमध्ये. त्यातला मॉडेल क्रमांक अर्जाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. शेवटचं ‘प्रो’ किंवा ‘व्ही२’ सुटलं की तो कागद दुसऱ्याच मॉडेलचा होतो. सोबत तांत्रिक माहितीपत्रक, कंपनीच्या नोंदणीचे कागद, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र. स्वयंघोषणा असल्यामुळे खोटं निघालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची.

ग्राहक म्हणून दुकानदाराकडे ईटीएची प्रत मागा आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या. अमेरिकेच्या एफसीसीचा किंवा युरोपच्या सीईचा शिक्का इथे चालत नाही. परदेशी साइटवरून मागवलंत तर सहारला विमानतळावर कस्टम्स हाच कागद मागू शकतं.

ड्रोनचं काय?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे यूआयएन काढायचा, फी १०० रुपये. स्वतः बांधलेल्या, छंदापुरत्या किंवा शैक्षणिक मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलचं प्रमाणपत्र) लागत नाही. २ किलोपर्यंतचं ड्रोन बिगरव्यावसायिक उडवायला पायलट सर्टिफिकेटही लागत नाही. ते काढायचंच असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर पासपोर्टचा आग्रह गेला, सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरतो.

राहता राहिली जागा. सांताक्रूझ, जुहू आणि आता नवी मुंबई असे तीन विमानतळ, शिवाय ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि कुलाब्याचा नौदलाचा तळ, त्यामुळे सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर शहराचा मोठा भाग लाल, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंद, दिसतो. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. उडवायच्या दिवशी डिजिटल स्कायचा नकाशा आणि पोलिसांचा ताजा आदेश, दोन्ही बघा.