तुमची वेबसाइट दिव्यांग ग्राहकाला वापरता येते का?

ठाणे आणि नवी मुंबईतील दवाखाने, क्लासेस, दुकाने, पतसंस्था व गृहनिर्माण संस्थांसाठी माहितीपत्रक

वेबसाइट आम्ही बनवलेली असो वा दुसऱ्या कुणी, हे पत्रक तुमच्या कामाचे आहे. कारण दिव्यांगांना नडणारे बरेच अडथळे वेबसाइट ताब्यात आल्यानंतर तयार होतात. दिवाळीची सवलत फोटो म्हणून चढवली जाते, फीचा तक्ता स्कॅन करून लावला जातो, सभेची सूचना जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन पीडीएफ म्हणून येते. मूळ कोड कितीही नीट असला तरी या तीन गोष्टी पान बंद पाडायला पुरेशा आहेत.

दृष्टिहीन व्यक्ती मोबाइल स्क्रीन रीडरने वापरते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर फोन बोलून दाखवतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर आधीपासून असतात. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळते. हात थरथरणारी किंवा माउस न धरता येणारी व्यक्ती कळफलकानेच काम करते. ज्यांना कमी दिसते ते लोक पान तिप्पट-चौपट मोठे करतात. कर्णबधिरांना व्हिडिओत काय बोलले ते वाचायला लागते आणि ‘फक्त फोन करा’ एवढेच लिहिले असेल तर त्यांचा रस्ताच बंद. सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांना यातले थोडे थोडे सगळेच लागते, ते स्वतःला दिव्यांग म्हणवत नसले तरी.

आधी एक काम करून पाहा

सगळी वेबसाइट तपासायला बसू नका. जे एक काम झाले नाही तर ग्राहक परत जातो, ते निवडा. नौपाड्यातल्या दंतवैद्याकडे ते वेळ घेणे असेल, वाशीतल्या क्लासकडे फी पाहून नाव नोंदवणे, मिठाईच्या दुकानाकडे ऑर्डर देऊन पैसे भरणे.

आता माउस बाजूला ठेवा आणि तेच काम फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप आणि बाणांच्या कळांनी करा. प्रत्येक टॅबला आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर बहुधा डिझाइनरने ‘दिसायला बरी नाही’ म्हणून काढून टाकली आहे. ती परत आणणे काही मिनिटांचे काम आहे आणि एवढ्या कमी कष्टात इतका फायदा दुसऱ्या कशातच नाही. मेनू नुसता माउस वर नेल्यावर उघडतो का? जाहिरातीची खिडकी एस्केपने बंद होते का, की टॅब तिच्या मागच्या पानावरच फिरत राहतो? ‘पुढे जा’ वर टॅब पोचतच नसेल तर ते बटण नसून बटणासारखा रंगवलेला मजकूर आहे. तो कोडमध्ये खरे बटण करावा लागतो.

यानंतर फोनवर टॉकबॅक लावून तेच काम करा. पण ते बंद कसे करायचे हे आधी शिकून घ्या, कारण टॉकबॅक चालू झाला की एका टॅपने काही उघडत नाही. आवाजाची दोन्ही बटणे ३ सेकंद धरून तो चालू-बंद करण्याचा शॉर्टकट सेटिंग्जमध्ये लावता येतो. उजवीकडे बोट सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केले की ती उघडते. नुसते ‘बटण, बटण, बटण’ ऐकू आले तर त्या चिन्हांना नावे दिलेली नाहीत. शोधाचे भिंग, मेनूच्या तीन रेघा आणि बंद करायची फुली यांच्या बाबतीत हे फार घडते.

फॉर्म

ग्राहक सर्वांत जास्त इथेच अडकतो.

चौकटीच्या आत फिकट अक्षरांत ‘तुमचे नाव’ लिहिणे म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागताच ते नाहीसे होते, मग मध्येच फोन आलेला माणूस परत आल्यावर कोणती चौकट कशाची हे विसरतो. लेबल चौकटीच्या वर, कायम दिसणारे हवे आणि कोडमध्ये त्या चौकटीशी जोडलेले हवे. जोडले आहे की नाही हे पाहायला लेबलावर क्लिक करा. कर्सर चौकटीत गेला तर जोडलेले आहे.

चूक दाखवताना नुसती लाल चौकट पुरत नाही. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, ९ अंकच आले आहेत’ असे शब्दांत लिहा, तेही त्या चौकटीजवळ, आणि कर्सर तिथे न्या. भरलेला बाकीचा फॉर्म पुसला जाता कामा नये.

मराठी कळफलक ठेवलेला ग्राहक क्रमांक देवनागरी अंकांत टाइप करतो आणि फॉर्म त्याला ‘अवैध’ म्हणतो. हे अंक आतल्या आत बदलून घेणे ही कोडची एक-दोन ओळींची दुरुस्ती आहे, तरी मराठी वेबसाइटसुद्धा ती करत नाहीत.

ओटीपीसाठी सहा सुट्या चौकटी दिसायला छान, वापरायला त्रासाच्या. स्क्रीन रीडरला त्या सहा वेगवेगळ्या जागा वाटतात. एकच चौकट ठेवा, तीत पेस्ट करू द्या, आणि वेळ संपली तर फॉर्म तसाच ठेवून नवा ओटीपी मागता येऊ द्या.

वाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाका. त्याऐवजी माणसाला न दिसणारी एक रिकामी चौकट ठेवतात. आपोआप फॉर्म भरणारे यंत्र ती भरते आणि पकडले जाते. मात्र ती चौकट पडद्याबाहेर सरकवून लपवली, तर स्क्रीन रीडर ती वाचतो, दृष्टिहीन ग्राहक ती इमानदारीने भरतो आणि यंत्र समजून नाकारला जातो. म्हणून ती स्क्रीन रीडर आणि टॅब या दोन्हींपासूनही लपवलेली हवी.

मराठी मजकुराचे खास प्रश्न

परदेशी मार्गदर्शिकांत हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, म्हणजे निव्वळ गोंगाट. गूगललाही तो मजकूर सापडत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: पीडीएफमधले एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. मराठीच्या जागी रोमन अक्षरे-चिन्हांचा खिचडा आला तर फॉन्ट जुना आहे. काहीच निवडता आले नाही तर तो स्कॅन, म्हणजे फोटो आहे.

जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर आतही देवनागरीच राहते त्या पद्धतीत, आणता येतो, पण नंतर माणसाने वाचणे भाग आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, ती भलत्या अक्षराला चिकटते, रफार सरकतो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. रकमा आणि नावे दोनदा तपासा. आमचे मत स्पष्ट आहे: सूचना, फी, वेळापत्रक थेट वेबपानावर युनिकोडमध्ये लिहा आणि पीडीएफ हवी त्यांच्यासाठी खाली जोडा. ती वर्डमधून करायची तर शीर्षकांना शीर्षकाची शैली द्या आणि ‘सेव्ह अॅज’ने पीडीएफ बनवा. प्रिंटच्या मार्गाने बनवलेल्या पीडीएफमधून शीर्षकांची आतली रचना गळून जाते.

पानाची भाषा कोणती याची खूण कोडमध्ये असते. तयार टेम्प्लेट घेतले की ती इंग्रजीच राहते, मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरी वगळतो किंवा अडखळत वाचतो. मराठी पानाला मराठीची खूण हवी. हिंदीची लावली तर आमंत्रणपत्रिका हिंदी वळणाने ऐकू येते. मधला परिच्छेद इंग्रजीत असेल तर तेवढ्याला वेगळी खूण लागते.

ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या किमान दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमध्ये अंतर घालू नका, शिरोरेषा तुटते. बटणांची उंची ठरावीक आकड्यात बांधू नका. ग्राहकाने अक्षरे दुप्पट केली की मात्रा वरून कापल्या जातात. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकची कळ दाबत ४०० टक्क्यांपर्यंत जा. साधा मजकूर वाचायला पान आडवे सरकवावे लागता कामा नये.

चित्रे आणि रंग

प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा. तो चित्राचे वर्णन नसून त्या जागी ग्राहकाला काय कळायला हवे ते असते. ‘दुकानाचा फोटो’ ऐवजी ‘दुकानाचे प्रवेशद्वार, पुढे दोन पायऱ्या’. नुसत्या नक्षीच्या चित्राला हा मजकूर रिकामा ठेवायचा. मुळीच दिला नाही तर काही वेळा फाइलचे नावच वाचले जाते. सवलतीच्या बॅनरवरचा सगळा मजकूर खाली अक्षरांत परत लिहा. पैसे घ्यायला केवळ क्यूआर कोड लावू नका: ज्या फोनवर तो दिसतो त्याच फोनच्या कॅमेऱ्यासमोर तो कसा धरणार? शेजारी यूपीआय आयडी अक्षरांत द्या.

रंगांचा हिशेब डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आकड्यांत दिला आहे. साधी अक्षरे व पार्श्वभूमी यांच्यात फरकाचे प्रमाण किमान ४.५:१ हवे, मोठ्या अक्षरांना आणि चौकटींच्या कडांना ३:१. पांढऱ्यावर #९९९९९९ हा राखाडी रंग २.८ च्या आसपासच पोचतो. #७६७६७६ जेमतेम उत्तीर्ण होतो. आपल्याकडची आवडती केशरी पट्टी आणि तिच्यावर पांढरी अक्षरे हे प्रमाण २ च्या थोडेसेच वर जाते. त्याच केशरीवर काळी अक्षरे ९ च्या वर जातात. बोटाने दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असाव्यात, आम्ही ४४ धरतो.

व्हिडिओला उपशीर्षके द्या आणि आपोआप बनलेली असतील तर वाचून दुरुस्त करा. सरकणारे बॅनर थांबवायची सोय ठेवा. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारे काहीही नको, त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

कोपऱ्यातले ‘सुलभता बटण’

एक ओळ कोड टाका आणि वेबसाइट सुलभ झाली, असे सांगून व्हीलचेअरचे चिन्ह असलेले बटण विकले जाते. घेऊ नका. ते अक्षरे मोठी करते, रंग बदलते. ते तर फोनमध्येच असते. लेबल नसलेला फॉर्म आणि फोटोतला मजकूर जिथल्या तिथे राहतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अशा दाव्यांवरून एका कंपनीकडून १० लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश दिला. लाइटहाउस, वेव्ह, अॅक्स ही तपासणीची साधने मात्र वापरा, पण लाइटहाउसने १०० गुण दिले म्हणजे काम संपले असे नाही. चित्राला पर्यायी मजकूर आहे एवढे यंत्राला कळते, तो बरोबर आहे का ते कळत नाही.

कायदा

दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. वेबसाइट व अॅपसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२३ मध्ये नियमांत आले. त्यातला वेबचा भाग डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए या मधल्या पातळीवर बेतलेला आहे. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डोळे मिचकावता न येणाऱ्या अॅसिडहल्ला पीडितांच्या आणि दृष्टिहीनांच्या केवायसीच्या प्रकरणात (ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात), डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग मानला. पतसंस्थांनी आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्यांनी हा निकाल आपल्या सल्लागाराला दाखवावा.

काम देताना

करारात ‘वेबसाइट सुलभ असेल’ एवढे मोघम वाक्य नको. डब्ल्यूसीएजी २.१ किंवा २.२, पातळी एए, असे लिहा. कोणती तीन-चार कामे कळफलकाने आणि टॉकबॅकने करून दाखवायची तेही लिहा, आणि शेवटचा हप्ता त्या प्रात्यक्षिकानंतर द्या. आम्हालाही तसाच द्या. शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून मोबदला देऊन तपासणी करून घ्या.

जुनी वेबसाइट दुरुस्त करायची असेल तर आधी फॉर्म, मग बटणे व मेनू, मग नवी चित्रे आणि पीडीएफ. पाच वर्षांपूर्वीच्या सूचना शेवटी, किंवा काढूनच टाका.

संपर्काच्या पानावर नकाशाखाली वाट शब्दांत लिहा: कोणत्या स्थानकाच्या पूर्वेला की पश्चिमेला, कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, पायऱ्या किती, रॅम्प कोणत्या फाटकाने. फोनच्या जोडीला व्हॉट्सअॅप व ईमेल द्या, आणि ‘वेबसाइट वापरताना अडचण आली तर कळवा’ ही ओळ कुणीतरी रोज पाहणाऱ्या पत्त्याला जोडा.