प्रोग्रामरांचा विनोद

प्रोग्रामर मंडळी आपापसांत जे विनोद करतात, त्यांतला बराचसा भाग वाईट कोडबद्दल असतो. ‘माझ्या मशीनवर चालतंय’, ‘चालतंय ना, मग हात लावू नको’, ‘शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय?’ ही त्यातली रोजची वाक्ये. बाहेरच्या माणसाला त्यांत हसण्यासारखे काही सापडत नाही. दुसऱ्याच्या (किंवा सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःच्या) कोडमध्ये बग, म्हणजे चूक, शोधत ज्याने रात्र काढली आहे, त्याला मात्र ती लगेच कळतात.

नेहमी सापडणारा एक नमुना पाहा. एखाद्या तपासणीचे उत्तर मुळातच ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असते. तरी कोड लिहिणारा पुन्हा विचारतो: हे उत्तर ‘खरे’ आहे का? असेल तर ‘खरे’ परत दे, नसेल तर ‘खोटे’. एका ओळीचे काम चार ओळींत होते, पण चुकत काहीच नाही. प्रत्येक टेस्ट पास होते. वाचणाऱ्याला हसू येते, कारण लिहिणाऱ्याची धाकधूक त्या चार ओळींत उघडी पडलेली असते.

या विनोदाची सर्वांत जिवंत जागा म्हणजे कोडमधल्या कमेंट, म्हणजे संगणकासाठी नव्हे तर वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या टिपा. १९६९ साली अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरले, त्या उतरणीच्या कोडमध्ये ‘तात्पुरते, अशी आशा, आशा, आशा’ अशा अर्थाची कमेंट आहे. तात्पुरते म्हणून लावलेले ठिगळ थेट चंद्रापर्यंत गेले. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत एका चालू प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे ताबा देणाऱ्या भागात ‘तुम्हाला हे समजावे अशी अपेक्षा नाही’ अशी कमेंट होती. लोकांनी ती उर्मट मानली, टी-शर्टांवरही छापली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला, की ‘हे परीक्षेला येणार नाही’ अशा सुरात ते लिहिले होते, आणि खरी अडचण अशी की तिथे नेमके काय घडते आहे ते आम्हालाही पुरते समजले नव्हते. या क्षेत्रातला इतका मोठा माणूस हे मोकळेपणाने सांगतो, म्हणून ती कमेंट मला या सगळ्या परंपरेत सर्वांत मोलाची वाटते.

काहींनी वाईट कोडची कलाच केली. युनिक्सला आज्ञा देण्याचा बॉर्न शेल हा प्रोग्राम लिहिताना स्टीफन बॉर्न यांनी मॅक्रो (शब्दांना पर्यायी नावे देण्याची सोय) वापरून सी या प्रोग्रामिंग भाषेला अल्गोल या दुसऱ्या भाषेचा वेश चढवला होता. तो कोड वाचून चक्रावलेल्या लँडन कर्ट नॉल आणि लॅरी बॅसल यांनी १९८४ मध्ये सी भाषेतल्या सर्वांत दुर्बोध प्रोग्रामची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तिथे जिंकायला भाषेची विलक्षण जाण लागते. वाईट कोड इतका नेटका लिहिणे नवशिक्याला जमत नाही. त्याआधी, १९७२ मध्ये, डॉन वुड्स आणि जेम्स लायन यांनी इंटरकॅल ही थट्टेची प्रोग्रामिंग भाषा रचली होती. तिच्या प्रोग्राममध्ये ‘कृपया’ फार कमी वेळा आले तर कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) उद्धट म्हणून प्रोग्राम नाकारतो, आणि फार वेळा आले तर लाळघोटा म्हणून. मूळ मार्गदर्शिकेत या नियमाचा उल्लेखच नव्हता.

इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी दस्तऐवजांत लिहिले जातात, तिथेही १ एप्रिलला थट्टा चालते. १९९० च्या आरएफसी ११४९ मध्ये डेटा पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून जाणारे माहितीचे तुकडे, कबुतरांकरवी पाठवण्याची रीत दिली आहे. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन इथे काही हौशी मंडळींनी ती खरोखर अमलात आणली: नऊ पॅकेट सोडली, चारांचीच उत्तरे परतली.

१९९८ च्या आरएफसी २३२४ मध्ये इंटरनेटवरून कॉफीयंत्र चालवण्याचा प्रोटोकॉल (नियमावली) आहे. किटलीला कॉफी करायला सांगितले, तर ती ‘४१८: मी किटली आहे’ असा एरर कोड देते. पुढे हा कोड अनेक खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला आणि २०१७ मध्ये तो काढून टाकण्याचा प्रस्ताव येताच प्रोग्रामरांनी त्याच्या बचावासाठी मोहीम उभारली. वेबवरच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपीच्या २०२२ च्या मानकात ४१८ हा क्रमांक ‘न वापरलेला’ म्हणून राखून ठेवला आहे, कारण थट्टेत तो इतक्या ठिकाणी वापरला गेला की दुसऱ्या कामाला देता येईना.