‘शुड हॅव’ की ‘मस्ट हॅव’? ‘पाहिजे’च्या पोटातले दोन अर्थ

गेल्या वर्षी माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातली एक मुलगी रडवेली होऊन आली. तिच्या टीमच्या प्रमुख बाई इंग्लंडात असतात. त्यांची आई गेली, म्हणून हिने मनापासून चार ओळी लिहून पाठवल्या. त्यात एक वाक्य होतं: ‘यू शुड हॅव फेल्ट व्हेरी सॅड.’ तिच्या मनातलं मराठी अगदी साधं होतं, ‘तुम्हाला फार वाईट वाटलं असेल.’ बाईंच्या वाचनात मात्र आलं ते असं: ‘तुम्हाला फार वाईट वाटायला हवं होतं.’ म्हणजे वाटलं नाही, आणि वाटलं नाही हे चुकलंच. सांत्वनाचं पत्र आरोपपत्र झालं, तेही एका शब्दाने.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठीत वाढलेल्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते, कारण आपल्याकडे एकच शब्द दोन्ही कामं करतो. ‘त्याने जायला पाहिजे होतं’ यात ‘पाहिजे’ आहे आणि ‘तो गेला असला पाहिजे’ यातही ‘पाहिजे’च आहे. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात अंदाज. शाळेत विध्यर्थ शिकलो तेव्हा हेच पाठ केलं होतं: कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा, सगळं एका छपराखाली. ‘आईवडिलांची सेवा करावी’ हाही विध्यर्थ आणि ‘पाऊस पडून गेला असावा’ यातला ‘असावा’ही विध्यर्थी. आपल्याला त्यात काही अडत नाही, कारण वाक्याची बाकीची ठेवण अर्थ सांगून जाते. इंग्रजीत मात्र भूतकाळात गेलं की या दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तिथे ‘पाहिजे’ म्हणजे ‘शुड’ किंवा ‘मस्ट’, काहीही चालेल, हे शाळेपासून चालत आलेलं समीकरण घात करतं.

फरक एका प्रश्नात मावतो: ती गोष्ट घडली की नाही?

‘शुड हॅव’ वापरलं की ती घडली नाही. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’, तू मला सांगायला हवं होतंस, पण सांगितलं नाहीस. ‘मस्ट हॅव’ वापरलं की बोलणाऱ्याच्या मते ती घडली. ‘यू मस्ट हॅव टोल्ड हिम’, तू त्याला सांगितलं असणार, एरवी त्याला कळलं कसं? पहिल्यात हळहळ किंवा ठपका, दुसऱ्यात खुणांवरून काढलेलं अनुमान.

‘शुड’चा उगम कळला की ठपका कुठून येतो हेही कळतं. ‘शुड’ हे मुळात ‘शॅल’चं भूतकाळी रूप, आणि जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ होता ‘देणं लागणे’. जर्मनमध्ये याच घराण्यातला ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि दोष या दोन्ही अर्थांनी चालतो. तेव्हा ‘शुड हॅव’ म्हणणं म्हणजे न फेडलेलं देणं दाखवणं. स्वतःला म्हटलं तर पश्चात्ताप, दुसऱ्याला म्हटलं तर तक्रार. आई गेलेल्या बाईंना हिने नकळत देणेकरी ठरवलं होतं.

वाक्य इंग्रजीत नेण्याआधी मराठीतच त्याची शेपटी तपासा. ‘हवं होतं’, ‘पाहिजे होतं’ असं ‘होतं’वर संपत असेल, तर ‘शुड हॅव’. ‘असेल, असावा, असणार, असला पाहिजे’ अशी ‘असणे’ची रूपं शेवटी असतील, तर तो अंदाज आहे, खात्री असेल तर ‘मस्ट हॅव’, नसेल तर ‘माइट हॅव’. तरीही शंका राहिली तर पुढे ‘पण...नाही’ जोडून बघा. ‘त्याने फोन करायला हवा होता, पण केला नाही’ हे बरोबर बसतं. ‘त्याने फोन केला असणार, पण केला नाही’ हे कानालाच खटकतं.

नकारात सगळं उलटं होतं. ‘मी तसं बोलायला नको होतं’ म्हणजे बोललो, आणि आता वाईट वाटतंय: ‘आय शुडन्ट हॅव सेड दॅट.’ अंदाजाच्या बाजूला मात्र ‘तो एवढ्यात पोचला नसणार’ यासाठी ब्रिटिश इंग्रजी ‘ही कान्ट हॅव रीच्ड’ म्हणतं. ‘मस्ट’ तिथे सहसा दिसत नाही, अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव’ ऐकू येतं. दोन्ही बरोबर, एक धरा आणि सोडू नका.

सक्तीचंही एकदा सांगून टाकतो. ‘मला जावं लागलं’ याचं इंग्रजी ‘आय मस्ट हॅव गॉन’ कधीच होत नाही. सक्तीच्या ‘मस्ट’चा भूतकाळ ‘हॅड टू’. आणि ‘गेला असता’ या ‘असता’ला ‘असेल’ समजू नका. तो संकेतार्थ आहे, म्हणजे ‘जर-तर’चं बोलणं, त्याच्यासाठी ‘वुड हॅव’.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे, नाहीतर पहिल्याच इंग्रजी बातमीत गोंधळ उडेल. ‘दे शुड हॅव लँडेड बाय नाउ’ याचा अर्थ ते उतरले नाहीत असा नाही. ‘एव्हाना उतरायला हवेत’, वेळापत्रकावरून बांधलेली अपेक्षा. इथे मराठीही तसंच ‘हवेत’ म्हणते, पण ‘होते’ जोडत नाही. आपली भाषा इथे बोट धरून नेते, फक्त शेवटचा शब्द ऐकायला हवा.

भावनांचे शब्द आले की प्रकरण खरं रंगतं, कारण मराठीत भावना हे बहुधा क्रियापद असतं. आपण रागावतो, घाबरतो, कंटाळतो, लाजतो, दमतो. इंग्रजीत त्या जागी विशेषण येतं आणि त्याच्या आधाराला ‘बी’ लागतं. म्हणून ‘ती रागावली असेल’चं इंग्रजी करताना मुलं ‘शी मस्ट हॅव अँग्री’ लिहितात. रागावली, म्हणजे क्रिया झाली, म्हणजे ‘हॅव’, हा त्यांचा हिशेब मराठीपुरता चोख आहे. इंग्रजीत ‘अँग्री’ एकटं उभं राहू शकत नाही, म्हणून मध्ये ‘बीन’ हवं: ‘शी मस्ट हॅव बीन अँग्री.’

पण थांबा, हेही नेहमी नाही. आई दारात उभ्या असलेल्या लेकीला म्हणते, ‘दमली असशील गं, बस जरा.’ रूप भूतकाळी आहे, पण थकवा आत्ताचा आहे. दमण्याची क्रिया झाली आणि दमलेपण अजून अंगात आहे. इंग्रजी त्या दमलेपणाकडे बघतं: ‘यू मस्ट बी टायर्ड.’ तीच आई दोन दिवसांनी त्या प्रवासाची आठवण काढून म्हणाली, ‘त्या दिवशी किती दमली असशील’, तर ‘यू मस्ट हॅव बीन टायर्ड’. मराठी वाक्यात फक्त ‘त्या दिवशी’ वाढलं, इंग्रजीत अख्खा सांगाडा बदलला. हा फरक माझ्या वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवतो. जो मराठी ‘दमली असशील’मधली माया ओळखतो, त्याला इंग्रजीतही ती नेता यावी असं मला मनापासून वाटतं.

आता भावना आणि स्वभाव. ‘राग आला’ आणि ‘रागीट आहे’ यांत आपण गल्लत करत नाही. राग येतो आणि जातो, रागीटपणा राहतो. इंग्रजीत ‘अँग्री’ आणि ‘शॉर्ट टेम्पर्ड’. ‘घाबरला’ म्हणजे ‘स्केअर्ड’, ‘भित्रा’ म्हणजे ‘टिमिड’. ‘लाजाळू’ म्हणजे ‘शाय’, पण चारचौघांत फजिती झाल्यावर जे वाटतं ते ‘एम्बॅरस्ड’, आणि चूक करून मान खाली जाते ते ‘अशेम्ड’. मराठीत या तिन्हींना आपण सहज ‘लाज वाटली’ म्हणतो. ‘बोअर’चं तर विचारूच नका. ‘आय वॉज बोअरिंग’ म्हणजे मी कंटाळवाणा होतो, हा स्वभावावरचा शेरा. आपल्याला म्हणायचं असतं ‘आय वॉज बोअर्ड’.

मराठीत रुळलेले काही इंग्रजी शब्दही फसवतात. सामना हरल्यावर ‘नर्व्हस होऊ नकोस रे’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘खट्टू होऊ नकोस’ हेच मनात असतं. इंग्रजीत ‘नर्व्हस’ म्हणजे परीक्षेच्या आधीची धाकधूक. निकालानंतरच्या निराशेला तिथे ‘डिसअपॉइंटेड’ म्हणतात. ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’ ही जोडीही अशीच: पहिला समजूतदार, दुसरा हळवा.

भावना आणि स्वभाव या दोन शब्दसाठ्यांपुढे ‘शुड हॅव’ आणि ‘मस्ट हॅव’ ठेवून बघितलं तेव्हा मला एक गोष्ट दिसली, आणि तेव्हापासून मी ती प्रत्येक तुकडीला दाखवतो. ‘शुड हॅव बीन’च्या पुढे स्वभावाचे शब्द छान बसतात: पेशंट, पोलाइट, ऑनेस्ट, केअरफुल. धीर, अदब, प्रामाणिकपणा माणसाच्या हातात असतात, म्हणून त्यांचं देणं मागता येतं. ‘यू शुड हॅव बीन मोअर पेशंट’, जरा सबुरीने घ्यायला हवं होतंस. ‘मस्ट हॅव बीन’च्या पुढे भावनांचे शब्द बसतात: सॅड, स्केअर्ड, लोनली, रिलीव्ह्ड. त्या हातात नसतात, त्यांचा फक्त अंदाज घेता येतो. दुसऱ्याच्या मनात डोकावायचं तर ‘मस्ट हॅव’, त्याच्या वागण्यावर बोट ठेवायचं तर ‘शुड हॅव’. हा काही नियम नव्हे. ‘आय शुड हॅव बीन हॅपी’ हे वाक्य सुंदर आहे: आनंद व्हायला हवा होता, कारणही होतं, पण झाला नाही. पण तिथेही ‘पण झाला नाही’ आहेच. त्या मुलीच्या वाक्याने टोचलं ते इथेच. दुःखाचं देणं कुणी मागत नाही.

सरावासाठी मी १९८३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना घेतो, कारण तो बहुतेकांना तोंडपाठ असतो. २५ जून, लॉर्ड्स. समोर १९७५ आणि १९७९ असे दोन्ही विश्वचषक जिंकलेला वेस्ट इंडीजचा संघ. भारत १८३ धावांत सर्वबाद. ड्रेसिंग रूममध्ये परतताना खेळाडू निराश झाले असतील: ‘दे मस्ट हॅव बीन डिसअपॉइंटेड.’ समोरच्यांना सामना खिशात आहे असं वाटलं असेल: ‘मस्ट हॅव फेल्ट कॉन्फिडंट.’ इथे ‘फेल्ट’ आहे म्हणून ‘बीन’ नाही, हे मुलांनी स्वतः पकडलं की मला फार बरं वाटतं. वेस्ट इंडीज १४० वर आटोपले, ४३ धावांनी हरले. ते जिंकू शकले असते: ‘दे कुड हॅव वन.’

मग मी दिलीप वेंगसरकरांचं नाव काढतो. त्याच स्पर्धेत वेस्ट इंडीजविरुद्धच्या साखळी सामन्यात माल्कम मार्शलचा चेंडू त्यांच्या चेहऱ्यावर लागला आणि अंतिम सामन्यात त्यांना बाहेर बसावं लागलं. ‘बसावं लागलं’ ऐकताच ज्यांनी ‘मस्ट हॅव सॅट’ लिहिलं, त्यांना मी परत मागे नेतो: सक्ती आहे, म्हणून ‘ही हॅड टू सिट आउट’. पुढचं वाक्य मुलं आपणहून करतात. संघ जिंकला, आपण मैदानात नव्हतो. आनंदही झाला असेल आणि आत कुठेतरी चुटपुटही लागली असेल. ‘ही मस्ट हॅव बीन थ्रिल्ड, अँड अ लिटल सॅड टू.’

शेवटी व्हिव्ह रिचर्ड्स. २८ चेंडूंत ३३ धावा. मदनलालचा चेंडू त्यांनी उंच मारला आणि कपिलने मागे पळत जाऊन तो झेलला. त्या फटक्याबद्दल दोन वाक्यं लिहा, एवढंच मी सांगतो. परवा एका मुलाने वहीत लिहिलं: ‘ही मस्ट हॅव बीन इम्पेशंट. ही शुड हॅव बीन पेशंट.’ एकाच माणसाचा एकच क्षण: तेव्हा त्याच्या मनात काय असेल ते वरच्या ओळीत, आणि त्याने काय करायला हवं होतं ते खालच्या. मी वही त्या मुलीकडे सरकवली. तिने दोन्ही ओळी वाचल्या आणि खाली आपलं वाक्य लिहिलं: ‘यू मस्ट हॅव फेल्ट व्हेरी सॅड.’