पार्किन्सन्सची गोळी आणि ताटातली प्रथिने

पार्किन्सन्सचे निदान झाले की घरातला पहिला प्रश्न बहुधा पथ्याचा असतो. कोल्हापुरात तो अधिकच कळकळीने विचारला जातो, कारण रविवारचे मटण, सकाळचे म्हशीचे दूध आणि तर्रीदार मिसळ या गोष्टी इथल्या जगण्यात मुरलेल्या आहेत, आणि त्यांतले काय सोडावे लागणार याची धास्ती रुग्णाइतकीच स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माणसालाही असते. नातेवाईक, शेजारी आणि मोबाइलवर फिरणारे संदेश यांतून मग वर्ज्य पदार्थांची यादी वाढत जाते: आंबट नको, वातूळ नको, मटण तर मुळीच नको. या यादीतल्या बहुतेक गोष्टींना वैद्यकीय आधार नाही. जिला भक्कम आधार आहे ती गोष्ट मात्र यादीत सहसा नसते. ती म्हणजे औषधाची गोळी आणि प्रथिनांचे जेवण यांच्यात ठेवायचे अंतर.

मध्यमेंदूतल्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' नावाच्या गडद रंगाच्या भागातील पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि हालचालींची सुरुवात, वेग व सफाई त्यावर अवलंबून असते. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू नष्ट होतात. हाताला कंप सुटतो, अंग ताठरते, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते. डोपामिन बाहेरून देऊन उपयोग होत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून लेव्होडोपा दिले जाते, ज्याचे मेंदूत पोचल्यावर डोपामिन होते. हे रूपांतर वाटेतच होऊ नये यासाठी त्याच गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते.

लेव्होडोपा हे स्वतः एक अमिनो आम्ल आहे, आणि अडचण इथेच सुरू होते. लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना ते ज्या वाहक रेणूंचा आधार घेते, तेच वाहक ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअलॅनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांनाही वाहून नेतात. दूध, मटण, अंडी, डाळी यांतली प्रथिने पचली की ही सगळी अमिनो आम्ले एकदम बाहेर पडतात. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी मध्यवर्ती बस स्थानकावर एसटीच्या दारात उडालेल्या झुंबडीत एखादे वयस्कर गृहस्थ मागेच राहावेत, तशी मग लेव्होडोपाची गत होते.

अमेरिकेतील ऑरेगॉन इथले मेंदूविकारतज्ज्ञ जॉन नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याचा अतिशय स्वच्छ पुरावा दिला. त्यांनी आधी दाखवले की जेवणाबरोबर गोळी घेतल्यास रक्तातील लेव्होडोपाची कमाल पातळी २९ टक्क्यांनी घटते आणि औषध शोषले जायला ३४ मिनिटांचा उशीर होतो. पुढचा भाग अधिक बोलका आहे. त्यांनी लेव्होडोपा थेट शिरेतून सलग दिले, म्हणजे पोटाचा आणि आतड्याचा प्रश्नच उरला नाही. रुग्णांच्या हालचाली सुधारल्या, आणि मग त्यांना भरपूर प्रथिनांचे जेवण किंवा फेनिलअलॅनिन, ल्युसिन यांसारखी अमिनो आम्ले तोंडाने दिली. रक्तातली औषधाची पातळी तेवढीच राहिली, तरीही औषधाचा परिणाम ओसरला. ग्लायसिन आणि लायसिन या वेगळ्या वाहकाने जाणाऱ्या अमिनो आम्लांनी मात्र काहीच बिघडले नाही. अडवणूक मेंदूच्या उंबऱ्यावरही होते, हे यातून सिद्ध झाले.

आता हे आपल्या सकाळशी जोडून पाहावे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची परंपरा असलेले हे गाव आहे. तालमीत वाढलेल्या पिढीतल्या माणसांना तर औषध दुधाबरोबरच घ्यावे, म्हणजे ते अंगी लागते, असे मनापासून वाटते. एका सर्वसाधारण गोळीत लेव्होडोपा असते १०० मिलिग्रॅम. पाव लिटर म्हशीच्या दुधात प्रथिने असतात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे ९००० मिलिग्रॅम, आणि त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा लेव्होडोपाशी स्पर्धा करणाऱ्या अमिनो आम्लांचा असतो. शिवाय म्हशीच्या दुधातील स्निग्धांशामुळे पोट सावकाश रिकामे होते, आणि गोळी पोटात असेपर्यंत तिचा काहीच उपयोग नाही, कारण तिचे शोषण लहान आतड्यात होते. 'सकाळची गोळी चढतच नाही' ही तक्रार घेऊन डोस वाढवायला निघालेल्या माणसाने आधी गोळी कशाबरोबर घेतली जाते हे तपासावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

सर्वसाधारण शिस्त अशी की लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, भांडेभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. सुरुवातीच्या काळात रिकाम्या पोटी गोळी घेतल्यावर काहींना मळमळते. अशांनी गोळीसोबत भाकरीचा चतकोर, केळे किंवा राजगिऱ्याची एखादी वडी खाण्यास हरकत नाही, कारण त्यांत प्रथिने फारशी नसतात. उलटी थांबवणाऱ्या औषधांपैकी मेटोक्लोप्रमाइड मात्र पार्किन्सन्स बळावू शकते म्हणून टाळायचे असते. घरात पडून असलेली उलटीची गोळी परस्पर देऊ नये.

प्रत्येक रुग्णाला ही स्पर्धा जाणवतेच असे नाही. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत औषधाचा परिणाम दिवसभर टिकून राहतो आणि कोणी दुपारी मटणावर ताव मारला तरी फरक पडत नाही. पुढे मेंदूची डोपामिन साठवण्याची क्षमता कमी होते, गोळी चढल्याचे आणि उतरल्याचे तास वेगळे ओळखू येऊ लागतात, आणि मग रविवारी दुपारी जेवणानंतर वडील खुर्चीतून उठूच शकत नाहीत हे घरच्यांच्या ध्यानात येते. अशा रुग्णांसाठी दिवसभरातील प्रथिनांचा मोठा वाटा संध्याकाळच्या जेवणाकडे सरकवण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून वापरली जाते. दुपारी भाकरी, पालेभाजी, भात, कोशिंबीर. आणि मटण, अंडी, उसळ, घट्ट आमटी, दूध हे रात्री. शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावे की अख्खा मसूर, पिठले आणि हुलग्याचे माडगे यांनाही हाच हिशेब लागू होतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात प्रथिने थोडी आणि चरबी जास्त असते. पांढऱ्या रश्श्यातील नारळाचे दूध, काजू आणि तीळ पोट जड करतात, म्हणून तो वाटीभर घ्यावा आणि गोळीपासून दूर ठेवावा. या फेरबदलाने काहींची रात्र अवघड जाते, कुशीवर वळणे कठीण होते. तसे झाले तर ही पद्धत डॉक्टरांशी बोलून सैल करावी लागते.

यातून प्रथिने बंद करण्याचा अर्थ कोणी काढू नये. पार्किन्सन्समध्ये वजन घटणे, स्नायू झिजणे आणि हाडे ठिसूळ होणे हे खरे धोके आहेत, आणि तोल जाऊन पडणाऱ्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडणे ही फार मोठी आपत्ती असते. साठ किलो वजनाच्या ज्येष्ठ माणसाला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतातच. 'मटणाने आजार वाढतो' असे समजून वर्षभर आमटी-भातावर ठेवलेला माणूस औषधाने नव्हे, उपासमारीने खंगतो.

पोटाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, तेव्हाच आतड्यांच्या मंदपणाची नोंद केली होती. आज आपल्याला माहीत आहे की बद्धकोष्ठता अनेकदा कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. ज्वारीची भाकरी, पोकळा, मेथी, शेपू, गवार, पेरू, पपई, रात्री भिजवलेल्या मनुका हे सगळे उपयोगी आहे, पण पाण्याशिवाय नाही. लघवीला वारंवार उठावे लागते म्हणून कित्येक रुग्ण पाणी पिणेच कमी करतात आणि मग इसबगोलही आत घट्ट होऊन बसतो. दीड ते दोन लिटर पाणी दिवसा उजेडी संपवावे, संध्याकाळनंतर कमी करावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

गिळण्याच्या त्रासाकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होते, आणि जिवावर बेतते ते यानेच. अन्नाचा कण किंवा पाणी श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया हे पार्किन्सन्समधील मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. या दृष्टीने मिसळ हा अवघड पदार्थ ठरतो, आणि तो तिखटामुळे नव्हे. एकाच घासात पातळ कट आणि कुरकुरीत फरसाण असले की जिभेला आणि घशाला दोन वेगवेगळ्या वेगांचे अन्न एकाच वेळी सांभाळावे लागते. कट आधीच घशात उतरतो आणि फरसाण अजून दातांखाली असते. भडंग, चिवडा, कोरडे चुरमुरे यांचे कण घशात विखुरतात. जेवताना खोकला येणे, जेवणानंतर आवाज घोगरा, ओलसर होणे, जेवण लांबत जाणे ही लक्षणे दिसली तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. तोवर भाकरी रश्श्यात चांगली कुस्करून, मऊ, एकजीव करून द्यावी, मिसळीत फरसाण आधीच मुरू द्यावे, माणसाला ताठ बसवावे, घास लहान असावा आणि जेवताना त्याच्याशी बोलू नये. जेवणाची वेळ गोळी चढलेल्या काळात आली तर गिळणेही सोपे जाते.

या आजारात वासही मंदावतो, त्यामुळे जेवण अळणी लागते आणि भूक मरते. पित्ताचा त्रास नसेल तर कांदा-लसूण मसाल्याची चव काढून घेण्याचे काहीच कारण नाही. मिठाचा प्रश्न वेगळा आहे: उभे राहताच रक्तदाब घसरून चक्कर येणाऱ्यांना डॉक्टर कधी कधी मीठ वाढवायला सांगतात, तर उच्च रक्तदाब असलेल्यांना कमी करायला, एकाचा सल्ला दुसऱ्याने वापरू नये. पोटभर जेवणानंतरही रक्तदाब घसरतो, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच लहान जेवणे बरी.

पूरक गोळ्यांपैकी लोहाची गोळी लेव्होडोपाला चिकटून तिचे शोषण कमी करते. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर असावे. बी-१२ ची पातळी, विशेषतः शाकाहारी रुग्णांनी, तपासून घ्यावी. ई जीवनसत्त्व आणि कोएन्झाइम क्यू-१० यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्हींनी आजाराची गती रोखली नाही, तेव्हा त्यांवर पैसे घालवू नयेत. कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचे बी, याची गोष्ट वेगळी. त्यात खरोखरच लेव्होडोपा असते. भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच ते वेगळे काढून दाखवले होते. नेमके म्हणूनच त्याचे चूर्ण परस्पर सुरू करणे धोक्याचे आहे. प्रत्येक पुडीत प्रमाण निराळे असते, आणि आधीच्या गोळीत त्याची भर पडली की अंगाला अनावर हालचाली, भास किंवा रक्तदाबाची घसरण होऊ शकते. घ्यायचेच असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना माहीत असले पाहिजे.

नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणारे रुग्ण या शहरात पुष्कळ आहेत. त्यांनी गोळीची वेळ चुकवू नये, पाणी सोडू नये, आणि शेंगदाण्याच्या कुटाची खिचडी किंवा दूध हेही प्रथिनांतच मोजावे. इतर दिवशीही आठवडाभर एका वहीत गोळीची वेळ, काय खाल्ले, किती वाजता पाय मोकळे झाले आणि किती वाजता पुन्हा जखडले एवढे लिहून तपासणीला न्यावे. डोस वाढवायचा, की गोळी नुसती अर्धा तास अलीकडे आणायची, हे डॉक्टरांना त्या नोंदीवरून ठरवता येते.