आठवणींची पेटी घरी सजवताना

तुमच्या हातात आलेली पेटी कोरी आहे. तिला रंग नाही, पॉलिश नाही. ती सजवायचं काम घरातल्या सगळ्यांनी मिळून करावं, म्हणून आम्ही ती मुद्दाम तशीच देतो.

आधी वस्तू, मग रंग

ब्रश हातात घेण्याआधी पेटीत जे ठेवायचंय ते सगळं टेबलावर मांडा. बाळाचं टोपडं, आजोबांचा चष्मा, जुनी पत्रं, पहिला पडलेला दात. वस्तू मावतात का, हे तेव्हाच कळतं. पेटीत बसावं म्हणून पत्राला नवी घडी घालू नका, कागद पुढे त्याच घडीवर फाटतो. वस्तू समोर आल्या की मोठी माणसं आपोआप बोलायला लागतात. त्या वेळी प्रत्येक वस्तू कुणाची, कधीची हे मुलांना पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायला सांगा. आमच्या मते सगळ्या कामात मोलाचं काम हेच, कारण चिठ्ठी नसेल तर वीस वर्षांनी तो चष्मा कुणाचा हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

बाहेरून सजावट

पेटी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या काचपेपरने घासा. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) पेटी उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून मोठ्यांनीच घासावी, तिची भुकटी फार बारीक असते. ओलसर फडक्याने पुसून प्राइमरचा एक हात द्या, तो वाळला की अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ब्रशच्या रेघा दिसतात.

नक्षीचा कागदी नॅपकिन चिकटवायचा असेल तर खालचा रंग पांढरा किंवा फिका ठेवा. गोंद लागला की नॅपकिन जवळजवळ पारदर्शक होतो आणि गडद रंगावर सगळी नक्षी बुडून जाते. नॅपकिनला दोन-तीन पदर असतात, त्यातला छापील पदरच तेवढा अलगद सोडवून घ्या. दोन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी असं मिश्रण पेटीवर लावा, नॅपकिन ठेवा आणि मऊ ब्रश मधून कडेकडे न्या. ओल्या नॅपकिनवरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला तर तो फाटतोच. लहानशी सुरकुती राहिली तर राहू द्या. पूर्ण वाळल्यावर कडेला लोंबणाऱ्या नॅपकिनवर काचपेपर वरून खाली ओढा, जास्तीचा भाग कात्रीशिवाय सरळ निघून येतो. मुलांना हे फार आवडतं!

घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या फोटोची शाई ओल्या गोंदाने फुटते, तिथे लेझर प्रिंटच वापरा. मूळ फोटो कधीही चिकटवू नका. कटर आणि गरम गोंदाची बंदूक मोठ्यांच्याच हातात असू द्या, आणि तीन वर्षांखालचं मूल जवळ असेल तर मणी-टिकल्या बाहेर काढूच नका.

मुलाने काढलेलं फूल वाकडं आलं तर ते सुधारू नका.

आतून मात्र कोरी

आतल्या बाजूला रंग किंवा व्हार्निश देऊ नका. बंद पेटीत त्याचा वास कोंडून राहतो आणि कपड्यांना, कागदांना लागतो. लाकडातूनही हळूहळू आम्ल बाहेर पडतं आणि कागद पिवळा पडतो. म्हणून आत आम्लमुक्त कागद किंवा धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड अंथरा. पत्रं, फोटो वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. रबरबँड, सेलोटेप, टाचण्या काढून टाका. सोनोग्राफीचा फोटो बहुधा थर्मल कागदावर असतो आणि पुसट होत जातो, त्याची प्रत आजच काढून ठेवा. कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच आत ठेवा.

झाकण

पेटी आणि झाकण जिथे एकमेकांना टेकतात त्या कडांवर रंग चढवू नका. रंगालाही जाडी असते, झाकण घट्ट बसतं. तिथे कोरडी मेणबत्ती घासा. बाहेरून व्हार्निश दिलं असेल तर ते हाताला वाळलेलं लागलं तरी आतून कच्चं असतं, तेव्हा निदान आठवडाभर झाकण उघडं राहू द्या, दमट हवेत त्याहून जास्त. तरीही चिकटलंच तर फटीतून पातळ प्लास्टिकची पट्टी चारही बाजूंनी सरकवा, सुरी घालू नका.

बिजागरी सैल किंवा लाकडाला भेग दिसली तर रंगवण्याआधी आम्हाला कळवा, पेटी बदलून देऊ. रंगवलेली पेटी मात्र परत घेता येत नाही.